तीन कोनांची जखम

१

गुण्याबाई गेल्या हे मला शनिवारी दुपारी पाऊण वाजता कळलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते असं की आता आपल्याला भूमितीत पास करणारं कुणी उरलं नाही. लाज वाटली, पण आलं खरं. त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं काढली आणि दोन्ही वर्षं भोपळा घेऊन घरी गेलो. वर्गात माझं नावच भोपळ्या पडलं होतं. पुढे मी फौजदार झालो, कमरेला पट्टा आला, तरी बाई रस्त्यात भेटल्या की मी सायकलवरून उतरायचो.

त्या पडल्या होत्या शाळेच्या आकृत्यांच्या खोलीत. ही खोली त्यांनीच वसवलेली. भिंतीला एक लांब फळी आणि तिच्यावर ओळीनं पितळेचे भरीव आकार: घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल. खाली मातीचं घमेलं. पोरांना आधी भरीव वस्तू हातात द्यायची, ती ओल्या मातीत दाबायला लावायची आणि उमटलेला ठसा वहीत काढून घ्यायचा, ही बाईंची शिकवण्याची पद्धत होती. घनाखाली चौरस उमटतो, शंकूखाली वर्तुळ उमटतं. सपाट आकृती आकाशातून पडत नाही, ती भरीव वस्तूच्या अंगावरच असते, असं त्या बजावायच्या. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही ही गोष्ट वेगळी.

बाई टेबलाजवळ पालथ्या होत्या. डोक्याच्या मागे केसांत रक्त सुकत आलं होतं. डॉक्टरांनी केस बाजूला केले आणि जखम दाखवली. मी पुष्कळ जखमा पाहिल्यात, पण अशी आखीव पाहिली नव्हती. तीन बाजूंचा त्रिकोण होता, तिन्ही बाजू सारख्या. डॉक्टरांनी मोजून सांगितलं की बाजू बरोब्बर एक इंच आणि हाडात शिरलेला खड्डा अर्ध्या इंचाहून थोडा कमी. वस्तू जड आणि टोकदार, घाव सरळ आणि एकच. मी ते आकडे वहीत टिपले, कारण टिपायचे असतात. त्यांचा अर्थ लावायची अक्कल त्या दिवशी मला सुचली नाही.

बाईंची उजवी मूठ आवळलेली होती. ती सोडवली तर आत घडी घातलेला एक कागदाचा तुकडा निघाला. वर अक्षर नाही, आकडा नाही. मी तो पाकिटात घालून खिशात ठेवला आणि हवालदाराला सांगितलं की याचा उल्लेख कुणापाशी करायचा नाही.

मग फळीकडे पाहिलं. सगळे आकार कमीअधिक काळवंडलेले, आणि मधोमध एक जागा रिकामी. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती: त्रिकोणी सूची. म्हणजे खाली त्रिकोण, बाजूंना तीन त्रिकोण आणि वर टोक. तीन कोनांची जखम, आणि तीन कोनांची वस्तू जागेवर नाही.

ती सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मागच्या अंगणात नळाशी शिपाईमामा बसला होता. शेजारी बादली, राख आणि चिंधी. बादलीत ती सूची, घासून लखलखीत केलेली, धुतलेली.

हा शिपाईमामा मी शाळेत होतो तेव्हापासून तिथं आहे. बाकावर उभं राहून राहून मला घेरी आली की हाच पाणी आणून द्यायचा. मी त्याच्या हातात बेडी घातली. त्यानं चिंधी तेवढी पिळून नळावर वाळत टाकली.

२

शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. पोरं गेल्यावर इमारतीत चारच माणसं उरली होती: बाई, शिपाईमामा, चित्रकलेचे मास्तर आणि हेडसर. त्यातली एक मेली, उरली तीन.

चित्रकलेच्या मास्तरांचं आणि बाईंचं वाकडं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक. मास्तरांना ती खोली चित्रांसाठी हवी होती. रेघ डोळ्याला बरी दिसली की झालं, असं ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, मोजा आणि मग बोला. मास्तरांनी मला हे आपणहून सांगितलं. बाईंशी मी दहा वर्षं भांडलो, आता भांडायला कोण आहे, असं म्हणून ते रडलेच. रडणारा माणूस निर्दोष असतो असं नाही, म्हणून मी पुढं विचारलं. ते मोठ्या हॉलमध्ये चित्रं गुंडाळत होते. ऐकलं काही नाही. पण सकाळी ऐकलं होतं. शाळा भरायच्या आधी शिपाईमामा बाईंच्या दारात उभा राहून मोठ्या आवाजात म्हणत होता, ‘बाई, तुम्ही माझा गळा कापताय.’

हेडसर तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. मूळचे इतिहासाचे. बोलणं नेमकं, कपडे पांढरे, परीटघडीचे. त्यांच्या उजव्या मनगटाशी बाहीवर काळा डाग होता. मी तो पाहिला आणि शाईचा असेल म्हणून सोडून दिला. त्यांनी सांगितलं की ते आपल्या खोलीत लिहीत बसले होते, त्यांची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, कानावर काही आलं नाही. बाईंविषयी ते चांगलंच बोलले. आठवडाभर बाई तापानं घरी होत्या, त्यांचे तास हेडसरांनीच घेतले. शुक्रवारी त्या आल्या आणि शनिवारी हे घडलं. एवढं सांगून त्यांनी विचारलं, बाईंच्या टेबलावर त्यांनी तपासायला घेतलेला प्रवेश परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तो हेडसरांनी आपल्या कपाटात नेऊन ठेवलाय, सोमवारी वर पाठवायचाय, चालेल ना? मला काय कळतंय, मी चालेल म्हटलं.

ही परीक्षा बुधवारी झाली होती. निवासी शाळेत फुकट शिकायला मिळतं, त्या जागांसाठी. शाळेतली एकतीस पोरं बसली होती.

शिपाईमामाला चौकीत आणून विचारलं. सूची बाईंनीच घासायला दिली होती, दर शनिवारी एक आकार घासायचा असा नेम होता, पुढच्या शनिवारी घनाची पाळी. साडेअकरापासून तो नळाशीच होता. साडेबाराला किल्ली घ्यायला आत गेला तर बाई पडलेल्या. हे त्यानं नीट सांगितलं. सकाळच्या भांडणाचं विचारलं तर गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प.

“मी बाईंना मारलं नाही, साहेब,” तो म्हणाला. “बाकीचं मला विचारू नका.”

मी जेवायला घरी गेलो. परत आलो तेव्हा हवालदारानं आपल्या पद्धतीनं विचारून पाहिलं होतं आणि मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं सुजली होती. मी हवालदाराला शिव्या घातल्या. पण त्या आधी घालायला हव्या होत्या, हे मला कळत होतं.

तरीही मामा बोलला नव्हता. सोमवारी सकाळी दहाला त्याला कोर्टात उभं करायचं होतं. सूची त्याच्या ताब्यात, धुतलेली. भांडण ऐकलेलं. खिसा कापणाऱ्याला सोडतील, पण याला कुणी सोडणार नव्हतं.

३

रविवारी सकाळी चौकीच्या पायरीवर मामाची बायको आणि मुलगी बसलेल्या. मुलगी अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर डबा. बायको काही मागत नव्हती. मी जाताना ती उठून उभी राहिली, आणि मी आत गेल्यावर पुन्हा बसली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मला ते बघवेना, म्हणून मी वही घेऊन मागच्या दारानं बाहेर पडलो. भित्रेपणाच तो.

पाय शाळेकडे गेले. वहीत फक्त दोन आकडे होते. बाजू एक इंच. खोली अर्ध्याहून कमी. मोजा आणि मग बोला, असं बाई म्हणायच्या. जन्मात एकदा तरी ऐकावं त्यांचं, म्हटलं.

खोलीतलं घमेलं पुढं ओढलं, माती भिजवली, मळून सपाट केली. जप्त केलेली सूची बरोबर आणली होती. तिचं टोक खाली धरून मातीत सरळ दाबलं. छान त्रिकोण उमटू लागला. त्याची बाजू एक इंच झाली तेव्हा थांबलो, सूची काढली आणि खड्ड्यात काडी घालून मोजलं. पाऊण इंचाहूनही जास्त.

डॉक्टरांचा आकडा अर्ध्याहून कमी होता.

म्हटलं, घाव हलका बसला असेल. म्हणून कमी दाबलं. खोली अर्ध्याहून कमी झाली, पण तेवढ्यात त्रिकोणही आक्रसला. बाजू जेमतेम अर्धा इंच. पुन्हा केलं, पाच वेळा, सहा वेळा. जोर कमी केला की दोन्ही आकडे एकदमच कमी व्हायचे आणि वाढवला की एकदमच वाढायचे. इंचभर त्रिकोण आणि उथळ खड्डा ही जोडी त्या सूचीतून निघेचना. ती जखम सूचीची नव्हतीच.

मी जमिनीवर बसून राहिलो. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. तीन कोनांची दुसरी वस्तू त्या खोलीत नव्हती. शंकू होता, पण तो गोल भोक पाडणार. घन होता, पण त्याला तर सगळे चौरस.

आणि मग मला तो दिवस आठवला. मी सहावीत. बाईंनी घन माझ्या हातात दिला आणि विचारलं, हा पालथा ठेवून दाबला तर काय उमटेल? मी म्हटलं चौरस. शाबास म्हणाल्या. आयुष्यात एकदाच म्हणाल्या. मग विचारलं, आणि कोपऱ्यावर उभा करून दाबला तर? मी म्हटलं, चौरसच, चौरसांच्या वस्तूतून दुसरं काय निघणार? वर्ग हसला. मला बाकावर उभं केलं. उत्तर काय ते मी बाकावरून ऐकलंच नाही, खिडकीबाहेर बघत होतो.

पंचवीस वर्षांनी उठलो, फळीवरचा घन घेतला आणि कोपरा खाली धरून दाबला.

त्रिकोण उमटला. तिन्ही बाजू सारख्या. एका कोपऱ्याशी तीन चौरस भेटतात, म्हणून. बाजू इंचभर होईपर्यंत दाबलं, काढलं, मोजलं. खड्ड्याची खोली अर्ध्या इंचाहून थोडी कमी. मी तसाच घन उलटापालटा करून पाहिला. बाई म्हणायच्या, घन कसाही फिरवा, कुठलाही कोपरा पुढे आणा, तो तसाच दिसतो, हीच त्याची सममिती. पण हा तसा दिसत नव्हता. आठ कोपऱ्यांतले सात काळवंडलेले होते आणि एक लखलखीत.

४

आता डोकं थोडं चालायला लागलं. घन घासायची पाळी पुढच्या शनिवारची. मामा घासतो तेव्हा अख्खी वस्तू घासतो, सूचीच्या चारही बाजू झळकत होत्या. एकच कोपरा घासणाऱ्याला पितळ चकचकीत करायचं नव्हतं, त्याला त्या कोपऱ्यावरचं रक्त पुसायचं होतं. काळवंडलेलं पितळ जोरानं पुसलं की ते काळं पुसणाऱ्याला लागतं. मला पांढऱ्या बाहीवरचा डाग आठवला. पण चित्रकलेच्या मास्तरांचे हात तर रोजच रंगलेले असतात. एका डागावर हेडसरांसारख्या माणसाला हात लावला तर माझीच वर्दी उतरली असती.

मग खिशातला तुकडा काढला. उलगडून टेबलावर ठेवला. कातरीनं नीट कापलेला चौकोन, कलता, समोरासमोरच्या बाजू समांतर. समांतरभुज चौकोन म्हणतात त्याला, एवढं मलाही माहीत होतं. घडी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलेली, म्हणजे कर्णावर. मी पुन्हा घडी घातली. दोन्ही भाग सारखे असूनही एकमेकांवर बसेनात. दोन टोकं बाहेर राहिली.

हे मी पाहिलेलं होतं. सममिती शिकवताना बाई हेच करायच्या. घडी घाला आणि भाग एकमेकांवर बसतात का पाहा. बसले तर ती घडी म्हणजे सममितीचा अक्ष. न बसले तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘बघा, कान बाहेर आले.’ वर्ग हसायचा. पुस्तकात कान नाहीत. तो बाईंचाच शब्द.

मरायच्या आधी बाई कुणाला तरी हा धडा शिकवत होत्या. पोरं तर घरी गेलेली.

मी चौकीत परतलो आणि मामाच्या मुलीला विचारलं की बाई आजारी होत्या त्या आठवड्यात भूमिती कोण शिकवत होतं. हेडसर, ती म्हणाली. वही आहे का? ती आईकडे बघायला लागली. आईनं मान हलवली तशी पळत घरी जाऊन वही घेऊन आली. मंगळवारची तारीख, सुवाच्य अक्षर, सांगून लिहून घेतलेलं वाक्य: समांतरभुज चौकोनाला सममितीचे दोन अक्ष असतात, त्याचे दोन कर्ण.

“हे चूक आहे ना गं?” मी विचारलं.

तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि कुणीच बोलणार नव्हतं.

मी तसाच शाळेत गेलो, हेडसरांना घरून बोलावून घेतलं आणि कपाट उघडायला लावलं. गठ्ठा काढून त्यांच्या देखत टेबलावर ठेवला आणि एकेक उत्तरपत्रिका उघडली. प्रश्न सातवा. समांतरभुज चौकोनाला सममितीचे अक्ष किती?

दोन. दोन. दोन. एकतीस पोरं, आणि एकतीस वेळा दोन.

५

बुधवारी परीक्षेच्या खोलीत देखरेख कुणाची होती ते मला विचारायला लागलं नाही. गठ्ठ्याच्या पाकिटावरच सही होती, हेडसरांची.

पण त्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. पोरांनी एकमेकांचं पाहिलं असेल, आपली नजर चुकली असेल, त्याची शिक्षा खाली मान घालून भोगू, म्हणाले. परीक्षेतल्या कॉपीला कुणी फाशी देत नाही. मी मान डोलावली आणि चित्रकलेच्या मास्तरांनाही बोलावून घेतलं. दोघांना खुर्च्या दिल्या. म्हटलं, मी भूमितीत कच्चा आहे, मला कुणीतरी सांगा, या समांतरभुज चौकोनाला अक्ष किती?

मास्तरांनी हवेत बोटानं आकृती काढली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, दोन असावेत, तोल दिसतोय की. मग खांदे उडवले. बाई असत्या तर याही वयात मला बाकावर उभं केलं असतं, म्हणाले.

हेडसर हसले. आदल्या दिवसापासून ते पहिल्यांदाच हसत होते. ज्या माणसाला कुणीतरी अडाणी म्हटलेलं असतं, त्याला आपण शहाणे आहोत हे दाखवायची फार घाई असते.

“एकही नाही,” ते म्हणाले. “कर्णावर घडी घालून बघा, फौजदार. भाग बसत नाहीत. दोन कान बाहेर राहतात.”

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्या शब्दानं मला बाईंचा आवाजच ऐकू आला.

मी मुलीची वही त्यांच्यापुढे ठेवली. चौकीतून निघताना ती पुन्हा मागून घ्यायला तिच्या आईच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो होतो. म्हटलं, मंगळवारी तुम्ही दोन सांगत होता. बुधवारी एकतीस पोरांनी दोन लिहिलं. आज रविवारी तुम्हाला बरोबर येतंय, तेही घडीसकट, कानासकट. तुम्ही बाईंच्या वर्गात कधी बसलेला नाहीत. बाई गुरुवारपर्यंत तापात होत्या, शुक्रवारी दिवसभर या गठ्ठ्यात. मग हा धडा तुम्हाला कुणी आणि कधी शिकवला?

ते म्हणाले, पुस्तकात वाचलं. मी पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हटलं, यात कान दाखवा.

त्यांनी पुस्तक उघडलं नाही. मग मी खिशातलं पाकीट काढलं आणि तो तुकडा घडी घालून वहीवर ठेवला. दोन टोकं बाहेर, एकावर तपकिरी ठिपका. तो बाईंच्या मुठीत होता हे सांगितलं. घन आणला आणि उजळ कोपरा वर करून त्याच्या शेजारी ठेवला. शेवटी म्हटलं, कालचा सदरा परटाकडे गेला नसेल तर मागवून घेऊ.

हेडसर कागदाकडेच बघत होते.

“मी त्यांना म्हटलं, विसात एक चूक, कोण बघतंय,” ते हळूच म्हणाले. “त्या म्हणाल्या, आधी चूक समजून घ्या, मग बोलू. मला कागद कापून दिला. मला घडी घालायला लावली. पोरासारखी.”

पुढचं तुटक तुटक आलं. तीन वर्षं निकाल वाईट, शाळा बंद करायची नोटीस आलेली. निवासी शाळेत दहा-बारा पोरं लागली असती तर शाळा वाचली असती, त्यांची खुर्चीही. म्हणून बाकांमधून फिरत त्यांनी उत्तरं सांगितली. बाकीची पुस्तकातून पाठ केलेली होती, ही एक स्वतःच्या डोक्यातली. बाईंनी गठ्ठा पाहिला आणि पोरांची मंगळवारची वही पाहिली, त्यांना उमजायला वेळ लागला नाही. शनिवारी हेडसरांनी हात जोडले. बाईंनी त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, मी वर कळवणार आहे म्हणाल्या आणि लिहायला टेबलाकडे वळल्या. फळी हाताशी होती.

जखमेचा त्रिकोण पाहून त्यांना बरं वाटलं होतं. घनाचा संशय कुणाला येणार? त्यांनी तो बाहीनं पुसला, जागेवर ठेवला आणि गठ्ठा काखेत मारून गेले. मागच्या अंगणात सूची शिपायाकडे आहे हे त्यांना तेव्हा माहीतही नव्हतं. मी बेडी घालून मामाला नेलं तेव्हा खिडकीतून कळलं, म्हणाले.

चित्रकलेचे मास्तर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

६

संध्याकाळ व्हायच्या आत मी शिपाईमामाची बेडी काढली. सुजलेल्या बोटांवरून ती काढताना त्याला दुखलं असणार. मी माफी मागितली. फौजदारानं मागायची नसते म्हणतात, मी मागितली. त्यानं ऐकून घेतलं, राहू दे म्हणाला नाही, आणि म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

सकाळच्या भांडणाचं आता त्यानं सांगितलं. बाईंनी त्याला मुद्दाम आधी बोलावलं होतं. मी वर कळवणार, सगळा गठ्ठा बाद होणार, तुझ्या मुलीचीही जागा जाणार, तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, असं म्हणाल्या. पोरगी वर्गात पहिली. ती जागा तिचीच होती, कुणाच्या मेहेरबानीची नव्हती. म्हणून मामा ओरडला, गळा कापताय म्हणाला. शाळा सुटल्यावर बाईंनी त्याला नेहमीसारखी सूची घासायला दिली आणि त्यानं ती नेहमीसारखी घेतली. बाईंशी त्याचं ते शेवटचं बोलणं.

“म्हणजे हेडसरांनी हे केलं असेल हे तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“आणि तू उद्या कोर्टात उभा राहणार होतास.”

“सोमवारी गठ्ठा जाणार होता ना, साहेब. एकदा गेला असता की मग बोललो असतो.” त्यानं सुजलेली बोटं चोळली. “बोललो असतो का, ते काय ठाऊक.”

मग त्यानं विचारलं, गठ्ठा केसच्या कागदपत्रांत लावावा लागेल का? मी म्हटलं, लावावा लागेल. खून का झाला ते त्याच्याशिवाय सांगता येत नाही. तो म्हणाला, बाईंनीही असंच सांगितलं होतं. दारात बायको आणि मुलगी उभ्या होत्या. मुलगी पळत आली आणि बापाच्या हाताला लागू नये म्हणून त्याच्या कोपराला धरून चालायला लागली. जाताना तिनं मागे वळून टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

ती गेल्यावर मी उत्तरपत्रिकांवर क्रमांक घालायला बसलो. एकेक उघडायची, पुरावा क्रमांक लिहायचा, सही करायची. हेडसरांसमोर मी नुसता आकडा बघत गेलो होतो, आता नीट बघावं लागलं. सतरावी मामाच्या मुलीची. प्रश्न सातवा. तिथं आधी शाईनं लिहिलेलं होतं, ‘एकही नाही.’ खाली तिनं छोटा समांतरभुज चौकोन काढला होता, कर्णावर घडीची तुटक रेघ, बाहेर आलेले दोन कान. मग ते सगळं एका आडव्या रेघेनं खोडलेलं. रेघ पट्टीनं मारलेली, सरळ. आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘दोन.’

ती सहावीतली पोर आहे. हेडसर बाकापाशी उभे राहून सांगत असताना ती काय करणार होती?

मी पेन खाली ठेवलं. ती एक पत्रिका गठ्ठ्यातून काढता येईल का याचा मी बराच वेळ विचार केला. पाकिटावर एकतीस लिहिलेलं होतं. तीस निघाले असते तर हेडसरांच्या वकिलानं सगळा गठ्ठाच खोटा ठरवला असता, आणि कोर्टाच्या कागदावर बाई अपघातानं मेल्या असत्या.

मी तिच्यावर सतरा आकडा घातला, खाली सही केली आणि अठरावी उघडली.